जेड सुकलंय? पाण्याचा तांब्या आधी खाली ठेवा

बेळगाव : पाऊस सरत आला की नर्सरीत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘जेडची पानं गळायला लागलीत ओ, पाणी तर रोज घालतोय!’ झाडाचं दुखणं आणि त्याचं कारण, दोन्ही या एकाच वाक्यात आहेत.

जेड, एचेव्हेरिया, स्नेक प्लांट, हॉवर्थिया, कोरफड ही सगळी जाड, रसाळ पानांची झाडं. नर्सरीत यांना सक्युलंट म्हणतात. गेल्या काही वर्षांत घराघरांत ती दिसू लागली आहेत. कुणी दिवाळीला भेट म्हणून देतं, कुणी ऑफिसच्या टेबलावर ठेवतं. मुलं नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेली की त्यांच्या खोलीतलं झाड आई-बाबांच्या ताब्यात येतं. मग आई सकाळी तुळशीला पाणी घालताना यालाही तांब्याभर घालते. तुळशीला ते मानवतं, याला मानवत नाही. मुलगी दिवाळीला घरी येते तेव्हा कुंडीत नुसता काळा बुंधा उरलेला असतो.

पण असा बुंधा लगेच कचऱ्यात टाकायची घाई करू नका. या झाडांची सगळी मुळं कुजली तरी एखादी निरोगी फांदी, काहींच्या बाबतीत तर एक पानसुद्धा, नवीन झाडाला पुरतं.

हे झाड वेगळं कसं?

जेडचं मूळ घर दक्षिण आफ्रिका, एचेव्हेरियाचं मेक्सिको. खडकाळ जमीन, कधीतरी पडणारा पाऊस आणि नंतर लांबलचक कोरडा काळ, अशा ठिकाणी ही झाडं वाढली. म्हणून मिळालेलं पाणी ती पानांत आणि खोडात साठवतात. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवा घेतात, त्यात पाणीही उडून जातं. ही झाडं मात्र ती छिद्रं मुख्यतः रात्री, गारव्यात उघडतात, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. थोडक्यात, जमा भरपूर आणि खर्च अगदी बेताचा. अशा खात्यात आपण रोज भरणा करत राहिलो तर ते पाणी जाणार कुठे? ते मातीतच थांबतं.

त्यात बेळगावचं हवामान. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरचं आपलं गाव, पश्चिमेला सह्याद्री जवळ. जून-जुलैत दिवसचे दिवस ऊन नाही, हवा दमट. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वाळणारी कुंडी पावसाळ्यात पंधरा दिवस ओली राहू शकते. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, बुरशी लागते आणि कूज सुरू होते.

तहान की कूज? आधी ओळखा

घोळ इथेच होतो. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, मग पानं सुरकुततात. तहानलेल्या झाडाची पानंही सुरकुततात. दोन्ही वरवर सारखीच दिसतात. घरातल्यांना वाटतं झाडाला पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घालतात आणि उरलीसुरली मुळंही जातात.

ओळखायच्या खुणा अशा :

– कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर माती कोरडी, जड लागली तर ओली.
– उदबत्तीची कोरी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. माती चिकटून आली तर आत ओल आहे.
– पान सुरकुतलेलं पण चिवट असेल आणि माती कोरडी असेल, तर तहान. एकदा भरपूर पाणी द्या, दोन-चार दिवसांत पान फुगतं.
– पान पिवळट, अर्धपारदर्शक, बोटाने दाबलं तर पिचकतंय, खोड जमिनीलगत काळं-मऊ, मातीला कुबट वास येतोय, तर कूज. पाणी लगेच बंद.

कूज लागलेलं झाड कसं वाचवायचं?

१. झाड कुंडीतून बाहेर काढा, माती झाडून टाका. पांढरी किंवा फिकट रंगाची घट्ट मुळं ठेवा. तपकिरी, ओढली की सालपट निघणारी मुळं कापून टाका.

२. खोड कुजलं असेल तर धारदार सुरी किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून निरोगी भागात काप घ्या. कापलेली बाजू नीट बघा. मधे तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर कूज अजून वर आहे. ब्लेड पुन्हा पुसा आणि आणखी वर कापा. स्वच्छ हिरवट-पांढरा भाग दिसेपर्यंत थांबू नका. इथे हात आखडला तर पुढची सगळी मेहनत वाया.

३. कापलेला भाग लगेच मातीत लावू नका. सावलीत, हवेशीर जागी कागदावर ठेवा. जखमेवर कोरडी खपली धरली पाहिजे. पानाला दोन-तीन दिवस, जाड फांदीला आठवडा, पावसाळ्यात त्याहून जास्त लागतो. काही जण हळद लावतात. लावली तर हरकत नाही, पण खरं काम सुकण्याचं आहे.

४. मग कोरड्या किंवा जेमतेम ओलसर मातीत उभं करा. पहिला आठवडाभर पाणी नको. पुढे थोडं थोडं. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं लागलं तर मुळं धरली.

५. आजारी झाडाला खत नको आणि एकदम कडक ऊनही नको. नवीन पालवी दिसली की दोन्ही हळूहळू सुरू करा.

कशापासून काय होतं?

सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

जेड : या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकली जातात. बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून मोठी, जाड, चकचकीत पानं असतील तर ते खरं जेड, क्रॅसुला. ते एका पानापासूनही होतं. नखाएवढी बारीक गोल पानं आणि लालसर काड्या असतील तर ते पोर्टुलाकारिया. ते पानापासून सहसा होत नाही, चार-पाच इंचाची फांदीच लावा. ‘पानं लावली, पण काही उगवलं नाही’ असं म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा हेच असतं.

एचेव्हेरिया : पान देठापासून अख्खं निघालं पाहिजे, तुटलेलं चालत नाही. डावी-उजवीकडे हलवत सोडवा, मातीवर नुसतं आडवं ठेवा. काही आठवड्यांत गुलाबी मुळं आणि इवलं झाड दिसतं. सगळीच पानं धरत नाहीत, म्हणून पाच-सहा ठेवा.

स्नेक प्लांट : पानाचे तुकडे लावता येतात, पण खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटं लावलं तर मूळ धरत नाही. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर नवीन झाड साधं हिरवं येतं. पिवळा काठ हवा असेल तर गड्डा वेगळा करून लावा.

कोरफड : पान लावून उपयोग नाही, ते कुजतं. बुंध्याशी आलेली पिल्लं मुळांसकट काढा.

पानफुटी : शाळेच्या पुस्तकात ठेवलेल्या पानाला काठावर रोपं फुटलेली अनेकांनी पाहिली असतील. ती याच जातकुळीतली, आणि सगळ्यात सोपी. फक्त गुरं-शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, ती त्यांना विषारी असते.

माती, कुंडी आणि पाणी

वडगाव-येळ्ळूर शिवारातली काळी माती भाताला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. याच कारणाने ती या झाडांना चालत नाही. एक भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एवढं पुरे.

कुंडी मातीची घ्या. खानापूरची कुंभारकामाची परंपरा आपल्या हाताशी आहे, आणि मातीच्या कुंडीच्या अंगातूनही ओल सुकते. तळाला भोक हवंच. भोक नसलेली चिनी मातीची शोभेची कुंडी म्हणजे झाडासाठी पाण्याचा हौद.

पाणी वार बघून नाही, माती बघून द्या. पूर्ण कोरडी झाली की खालून वाहीपर्यंत द्या आणि ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून टाका. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, उजेडाच्या खिडकीत ठेवा.

झाड काटकुळं होऊन खिडकीकडे वाकत असेल, पानांत अंतर पडत असेल तर त्याला उजेड कमी पडतोय. शेंडा कापून नवीन लावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आठवड्याने पुन्हा बघा, आणि तोवर ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

ऑक्टोबर चुकवू नका

कूज लागली असेल तर भर पावसातही कापावंच लागतं. पण धडधाकट झाडाची रोपं करायला पाऊस थांबल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. आणि ती झाड निरोगी असतानाच करून ठेवावीत. दोन फांद्या शेजारी दिल्या, एक बहिणीकडे दिली की आपलं झाड उद्या गेलं तरी त्याचा वंश कुठेतरी राहतो आणि मागून परत आणता येतो. घरातलं माणूस गेल्यावर त्याने लावलेलं झाड असं जपायचं असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही.

ऑक्टोबरमध्ये लावलेल्या जेडच्या फांद्या जानेवारीपर्यंत चांगल्या रुजलेल्या असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकची डबी देण्यापेक्षा छोट्या कुंडीतलं एक रोप देता येईल. सोबत एवढंच सांगा, ‘पाणी रोज घालू नकोस.’