औषधाआधी पान उलटा

पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर काळे डाग दिसले की रोपवाटिकेत पहिला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. डाग पाडणारे मात्र अनेक असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही. ‘काळे ठिपके’ हा रोग डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे होतो. त्याचा डाग पानाच्या वरच्या बाजूला, गोलसर आणि झालरीसारख्या विसकटलेल्या कडेचा असतो. भोवतीचे पान पिवळे पडते, मग गळते, आणि ही गळ खालच्या पानांपासून वर चढत जाते. पान सलग सुमारे सात तास ओले राहिले, तरच या बुरशीचे बीजाणू रुजून आत शिरतात.

केवड्याचे डाग जांभळट आणि शिरांनी अडवल्यामुळे कोनदार असतात. दमट सकाळी पान उलटले तर खाली करडी लव दिसते. तांबेऱ्याची नारिंगी पूडही पानाखालीच सापडते. भुरीची पांढरी पूड कोवळ्या शेंड्यावर येते, आणि तिला पान ओले असण्याची गरज नसते. औषधाने भाजलेल्या पानांवरचे डाग एकदमच उमटतात आणि पुढे पसरत नाहीत.

हजारो रोपे असताना पान-पान कोण पाहणार, त्यापेक्षा सगळ्यांवर चालणारे एक औषध बरे, असे कोणी म्हणेल. पण असे औषध आहे कुठे? मॅन्कोझेब काळे ठिपके आणि केवडा रोखते, भुरीवर मात्र फारसे चालत नाही. गंधक भुरीवर चालते, केवड्यापुढे निरुपयोगी ठरते. केवडा पाडणारा जीव तर खरी बुरशीच नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिम त्याला काहीच करत नाही. शिवाय असे एकाच ठिकाणी घाव घालणारे औषध पुन्हापुन्हा मारले, की बुरशी त्याला सरावते. पाहायची असतात तीही सगळी रोपे नव्हेत. प्रत्येक वाफ्यातली चार-पाच आजारी पाने पुरतात.

डोळा चुकू शकतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जिवाणूंचे डागही कोनदार असतात. शंका उरली तर ताजे डाग असलेली पाने कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवावीत. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले की वाद मिटतो. तोवर थांबण्यात तोटा नाही, कारण काही उपाय औषधाविनाच होतात. काळे ठिपके वाटत असतील तर गळलेली पाने उचलावीत आणि सकाळी, बुंध्याशीच पाणी द्यावे. भुरीला मात्र पान कोरडे ठेवून आळा बसत नाही. तिथे कुंड्यांमधले अंतर वाढवावे लागते.