बाकावरचा खेळाडू

बास्केटबॉलच्या मैदानांत एका वेळीं एका संघाचे पांचच खेळाडू उतरतात, हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु अमेरिकेंतील धंदेवाईक संघ कांहीं पांचांचा नसतो. बारा-पंधरा माणसें पगारावर ठेविलेलीं असतात; त्यांतील पांच जण आरंभीं मैदानांत जातात, बाकीचे कडेच्या बाकावर बसून राहतात. ४८ मिनिटांच्या त्या खेळांत बदली खेळाडू कितीहि वेळां घेतां येतो. त्यामुळें बाकावर बसलेल्याला आपली पाळी आज येईल कीं नाहीं, आणि आलीच तर दोन मिनिटांकरितां येईल कीं वीस, याचा अंदाज नसतो. अंग थंड झालेलें असतांना एकाएकीं हांक येते, आणि पहिल्याच फेकींत त्याची परीक्षा होते.

या पेशाचें उत्तम उदाहरण म्हणजे स्टीव्ह कर हा गार्ड. चेंडू पुढें नेणारे आणि लांबून फेक करणारे, इतरांच्या मानानें ठेंगणे असे जे दोन खेळाडू संघांत असतात, त्यांना गार्ड म्हणतात. स्टीव्ह १९८८ पासून २००३ पर्यंत पंधरा हंगाम नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या साखळींत खेळला. ९१० सामन्यांत त्यानें भाग घेतला. पैकीं आरंभापासून मैदानांत असण्याचा मान त्याला अवघ्या ३० सामन्यांत मिळाला. दर सामन्यास सरासरी सहा गुण, एवढीच त्याची कमाई. ज्याच्या शेजारीं तो खेळला त्या मायकेल जॉर्डनची सरासरी तिसांच्या वर आहे! आणि तरीहि या सहा गुणांच्या माणसाच्या पदरीं पांच अजिंक्यपदें आहेत.

त्याचा जन्म १९६५ सालीं बैरूट येथें झाला. वडील माल्कम कर हे अरब राजकारणाचे नामांकित अभ्यासक. पुढें ते बैरूटच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. मुलगा खेळांत हुशार, पण पायांनीं मंद. गोन्झागा विद्यापीठानें त्याला चांचणीसाठीं बोलाविलें तेव्हां त्याची गांठ तेथल्या जॉन स्टॉकटन नांवाच्या विद्यार्थ्याशीं पडली. स्टॉकटननें त्याला असें कांहीं दमविलें कीं, हा मुलगा आमच्या कामाला संथ आहे असा निकाल मिळाला. अखेर ॲरिझोना विद्यापीठानें त्याला जागा दिली. तेथें पहिलेंच वर्ष चालू असतांना, १८ जानेवारी १९८४ रोजीं, माल्कम कर यांचा बैरूट येथें त्यांच्या कचेरीबाहेर गोळ्या घालून खून झाला. स्टीव्ह तेव्हां अठरा वर्षांचा होता. दोन दिवसांनीं शेजारच्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाशीं सामना होता. तो खेळला, आणि बाकावरून उठून केलेली त्याची पहिलीच फेक टोपलींत पडली. चार वर्षांनीं त्याच प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर कांहीं प्रेक्षकांनीं पित्याच्या मृत्यूवरून त्याला डिवचणाऱ्या आरोळ्या ठोकल्या. त्या दिवशीं पूर्वार्धांतच त्यानें तीन गुणांच्या सहा फेकी केल्या आणि साही लागल्या.

या तीन गुणांच्या फेकीवरच त्याचा सारा संसार उभा राहिला, म्हणून तिची ओळख करून घेतली पाहिजे. टोपलीपासून २३ फूट ९ इंचांवर, कोपऱ्यांत २२ फुटांवर, एक कमान आंखलेली असते. तिच्या बाहेरून मारलेल्या चेंडूला दोनांऐवजीं तीन गुण. धंदेवाईक साखळीनें ही रेषा १९७९ सालीं आणली. विद्यापीठांच्या खेळांत ती १९८६ च्या हंगामापासून सर्वत्र आली. नेमका तोच हंगाम स्टीव्हनें घरीं बसून काढला, कारण १९८६ च्या उन्हाळ्यांत स्पेनमधील जागतिक स्पर्धेंत त्याच्या गुडघ्याचा बंध तुटला होता. परत आला तो त्या रेषेसाठींच जन्मल्यासारखा. १९८७-८८ मध्यें तेथून केलेल्या त्याच्या १९९ फेकींपैकीं ११४ लागल्या.

आतां हिशेब पाहावा. दोन गुणांच्या शंभर फेकींपैकीं पन्नास लागल्या तर शंभर गुण होतात. तीन गुणांच्या शंभरांपैकीं पंचेचाळीसच लागल्या तरी एकशें पस्तीस होतात. स्टीव्हचें साऱ्या कारकीर्दीचें प्रमाण शेंकडा ४५.४ आहे आणि त्या साखळीच्या इतिहासांत त्याच्या निवृत्तीपर्यंत तें कोणालाहि गांठतां आलें नव्हतें. १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत रेषा सर्वत्र २२ फुटांवर आणली होती, त्याचा त्याला फायदा झाला हें खरें. पण त्याच्या कितीतरी आधीं, १९८९-९० मध्यें, क्लीव्हलँडकडून खेळतांना लांबच्या रेषेवरूनहि तो शेंकडा पन्नासांच्या वर गेला होता.

परंतु त्याची खरी किंमत यांतहि नाहीं. ती तो न केलेल्या फेकींत आहे, हें ऐकून कोणासहि नवल वाटेल. जॉर्डनसारखा खेळाडू टोपलीकडे झेपावला कीं, त्याला अडविण्यास एक माणूस पुरत नाहीं. दुसऱ्यानें आपला प्रतिस्पर्धी सोडून धांवून जावें लागतें. पण सोडावयाचें कोणाला? कोपऱ्यांत स्टीव्ह उभा असेल तर त्याला सोडणें म्हणजे तीन गुण हातानें देणें. म्हणून त्याचा पहारेकरी जागचा हलत नाहीं, आणि जॉर्डनला वाट मोकळी मिळते. अशा रीतीनें हा माणूस चेंडूला हात न लावतां, नुसता उभा राहून संघाचें काम करीत असे. गुणपत्रकांत या उभें राहण्याला रकाना नाहीं.

शिकागोच्या या संघांत मात्र तो वांकड्या वाटेनें आला. १९८८ च्या निवडींत त्याचें नांव पन्नासावें पुकारलें गेलें. फिनिक्स, क्लीव्हलँड, ओरलँडो अशी तीन गांवें झालीं. १९९३ सालीं शिकागो बुल्समध्यें तो दाखल झाला तेव्हां जागेची कसलीच शाश्वती नव्हती. राखीव माणसाचा खरा सामना प्रेक्षकांना दिसत नाहीं. तो रोजच्या सरावांत, आपल्याच पहिल्या पांचांविरुद्ध होतो. १९९५ च्या शरद ऋतूंतील शिबिरांत असाच सराव चालू असतां जॉर्डन व स्टीव्ह यांची जुंपली आणि जॉर्डननें त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याच दिवशीं जॉर्डननें दूरध्वनीवरून क्षमा मागितली. साऱ्या जगांत गाजलेल्या माणसापुढें साडेसहा फुटांहि न भरणारा एक बदली गार्ड माघार घेत नाहीं, हें तेथें दिसलें. त्यापुढें दोघांचें चांगलें जमलें. त्या हंगामांत शिकागोनें ८२ पैकीं ७२ सामने जिंकले.

१३ जून १९९७. अंतिम फेरीचा सहावा सामना, प्रतिपक्ष यूटा. दोनच सामन्यांपूर्वीं, यूटाच्या मैदानावर, मोक्याच्या वेळीं स्टीव्हची एक मोकळी फेक हुकली होती आणि ती त्याच्या मनाला लागून राहिली होती. आतां गुण ८६-८६, शेवटचीं कांहीं सेकंदें उरलेलीं. विश्रांतींत जॉर्डननें त्याला बजाविलें कीं, स्टॉकटन माझ्यावर धांवून येईल, तूं तयार राहा. होय, तोच स्टॉकटन! चेंडू जॉर्डनच्या हातीं आला, स्टॉकटन स्टीव्हला सोडून तिकडे सरकला, जॉर्डननें चेंडू परत फेकला आणि सुमारें सतरा फुटांवरून स्टीव्हनें तो टोपलींत टाकला. शिकागोनें ९०-८६ असा सामना जिंकला. जॉर्डन नसता तर ही फेक कोणाच्या लक्षांत राहिली नसती, हें खरेंच. पण चेंडू कोणाला द्यावा हें ठरविणाराहि जॉर्डनच होता.

१९९९ मध्यें तो सॅन अँटोनिओला गेला आणि तेथें त्याला सलग चौथें अजिंक्यपद लाभलें. मग मिनिटें घटूं लागलीं. एक हंगाम पोर्टलँडला काढून तो परतला तेव्हां वय सदतिसाकडे झुकलें होतें आणि २००३ च्या बाद फेरीच्या सामन्यांत तो जवळ जवळ बसूनच होता. २९ मे रोजीं डॅलसविरुद्ध संघ मागें पडला. मुख्य गार्ड टोनी पार्कर आजारी. तेव्हां स्टीव्हला उठविण्यांत आलें. तीन गुणांच्या चार फेकी त्यानें केल्या, चारहि लागल्या. चौथ्या पादाच्या आरंभीं तेरा गुणांनीं मागें असलेल्या सॅन अँटोनिओनें तो पाद ३४-९ असा घेतला व सामना ९०-७८ असा जिंकला. पुढें अजिंक्यपदहि जिंकलें, आणि तो निवृत्त झाला.

२०१४ सालीं गोल्डन स्टेट संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या संघांत आंद्रे इग्वोडाला हा मुरलेला खेळाडू होता. दहा वर्षांत साखळीच्या प्रत्येक सामन्यांत तो आरंभापासूनच मैदानांत असे. स्टीव्हनें त्याला बाकावर बसण्यास सांगितलें. अशी आज्ञा मानी माणसाला सोसत नाहीं. इग्वोडालानें ती मानली आणि त्या साऱ्या हंगामांत साखळीचा एकहि सामना त्यानें आरंभापासून खेळला नाहीं. अंतिम फेरींत संघ १-२ असा मागें पडतांच एका तरुण सहायकाच्या सूचनेवरून स्टीव्हनें त्याला पहिल्या पांचांत घेतलें. पुढचे तिन्ही सामने गोल्डन स्टेटनें जिंकले, आणि २०१५ च्या अंतिम फेरींतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचें पारितोषिक बाकावरून उठलेल्या इग्वोडालाला मिळालें.