हेमंत ऋतुचर्येतील अंगारताप आणि बंद खोली

पौषात उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागले व रात्री आकाश निरभ्र राहिले, की गोंदिया जिल्ह्यात पारा झपाट्याने उतरतो. विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियाचेच असते. अशा दिवसांत लाकडाचे निखारे शेगडीत भरून घरात घेण्याची रीत जुनी आहे आणि तिला शास्त्राधारही आहे. अंगारांनी तापविलेल्या गर्भगृहात वा भूमिगृहात राहणाऱ्यास शीतजन्य दोष बाधत नाही, असे वाग्भटाने ऋतुचर्याध्यायात सांगितले आहे. आपणही रुग्णास हेच सांगतो. मात्र खोली कशी आहे, हे विचारावयाचे राहून जाते.

चरकाचार्यांनी ते वगळलेले नाही. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायातील जेन्ताक स्वेद पाहावा. १६ अरत्नींचे वर्तुळाकार कूटागार, मध्यभागी पुरुषभर उंचीचा, सूक्ष्म छिद्रांचा, झाकण असलेला मातीचा अंगारस्तंभ, त्यात खैर किंवा अश्वकर्णाची लाकडे. ती नीट जळून धूर नाहीसा झाल्यावरच आत प्रवेश. आणि या कूटागारास अनेक वातायने सांगितली आहेत. उष्णता राखावयाची असतानाही वातायने कशासाठी, हा प्रश्न पाठांतराच्या भरात आपल्याला पडत नाही.

धूर गेला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. पुरेशा हवेवाचून धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाही, गंध नाही. धूर निदान डोळ्यांना झोंबून जागे तरी करतो. हा वायू हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. काश्मिरातील बुखारीस धुराडे असते. आपल्या शेगडीस ते नाही. पूर्वी कवेलूंच्या फटींतून वारा खेळत असे, म्हणून निभावले. आता स्लॅबची खोली, घट्ट तावदाने, दाराच्या फटीत कोंबलेले पोते, आणि शेगडी तीच.

सर्वाधिक चिंता बाळंतिणीच्या खोलीची. बाजेखाली शेगडी, वारा लागू नये म्हणून सारे बंद आणि आत दोन जीव. शेक अवश्य द्यावा, पण दार-खिडकी किलकिली ठेवून, जागे माणूस जवळ असताना, वेळेपुरताच. निजण्यापूर्वी शेगडी अंगणात गेलीच पाहिजे. राखेखालचे निखारे विझलेले नसतात.

सकाळी शिरःशूल, भ्रम, हृल्लास घेऊन रुग्ण आला, की आपली बुद्धी पित्ताकडे वळते व हात सूतशेखराकडे जातो. हिवाळ्यात त्याआधी विचारावे : रात्री शेगडी कोठे होती? घरातील इतरांनाही हाच त्रास आहे काय? मोकळ्या हवेत तो उतरतो काय? संशय येताच रुग्णास, व घरात मागे राहिलेल्यांनाही, बाहेर काढून प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेत तो आकडा प्राकृत दाखवू शकतो.

रात्रीच्या उबेसाठी त्याच अध्यायातील दशविध अनग्नि स्वेदांकडे वळावे. गुरुप्रावरण म्हणजे जाड पांघरूण त्यांत आहे, आतपही आहे. सायंकाळी तिळतेलाचा अभ्यंग, अंगणात तापविलेल्या वाळूची पुरचुंडी आणि वर दुहेरी गोधडी, एवढ्यावर वृद्धांचीही रात्र सुखाने सरते.