गव्हांड्यातील साखर

चैत्र-वैशाखात भोपाळच्या करोंद मंडईत गव्हाच्या राशी लागतात. त्याच दिवसांत रात्री सीहोर वा विदिशेच्या वाटेने जाणाऱ्यास शेतांतून ज्वाळा दिसतात. कापणीनंतर उरलेले काड, ज्यास इकडे नरवाई म्हणतात, शेतकरी पेटवून देतो. त्या अग्नीत असंख्य जीव होरपळतात, हे आपणांस सांगावयास नको. परंतु तेथे साखरही जळते, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

सीहोरच्या भोपाळ शुगर इंडस्ट्रीजचा कारखाना जुन्या पिढीस आठवत असेल. तेथे गाळला जाणारा ऊस हे गवतच, आणि गहूही त्याच कुळातला. भेद इतकाच की, उसाची साखर रसात असते. गव्हांड्यातील साखर धाग्यांत विणलेली असते. वाळल्या गव्हांड्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्या. सुमारे चौथा हिस्सा हेमिसेल्युलोज, ज्यात मुख्यतः झायलोज ही साखर असते. लिग्निन नामक चिवट द्रव्य दोहोंस जखडून ठेवते.

हे बंधन सोडविण्यासाठी काडाचे तुकडे सौम्य आम्लात भिजवून तप्त वाफेत ठेवतात. झायलोज तेथेच सुटते. पुढे बुरशीपासून मिळविलेली विकरे सुमारे ५० अंश उष्णतेत सेल्युलोज तोडतात. प्रत्येक कडी तुटताना पाण्याचा अंश जोडला जातो. म्हणून १६२ किलो सेल्युलोज पूर्ण विघटित झाल्यास १८० किलो ग्लुकोज होते. मालाची घट सोसणाऱ्या व्यापाऱ्यास ही वाढ नवलाचीच वाटेल!

खरी कसोटी शुद्धीकरणाची. चुन्याने आम्ल मारावे, सक्रिय कोळशाने रंग काढावा, राळेच्या मण्यांतून क्षार गाळावेत, मग निर्वात कढईत रस आटवून स्फटिक पाडावेत. शुद्ध झायलोजास हायड्रोजनची जोड दिली की झायलिटॉल होते. ते साखरेइतकेच गोड, पण दात न किडविणारे.

हे केवळ स्वप्न नव्हे. २०२२ साली पानिपतला इंडियन ऑइलच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भाताच्या काडातील साखर आंबवून दररोज १ लाख लिटर इथेनॉल काढण्याची त्याची क्षमता असून, तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे.

तथापि विकरे महाग, शुद्धीकरण खर्चाचे. आणि काड हलके, विखुरलेले, थोड्याच आठवड्यांत हाती येणारे. ते गोळा करणे, गठ्ठे बांधणे, कोरडे साठविणे, चोख मापाने पुरविणे हे काम शास्त्रज्ञाचे नव्हे, व्यापाऱ्याचे आहे. यंत्रांविषयी विचारावयास १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था भोपाळातच आहे. मात्र एक मर्यादा पाळावी: गुरांच्या वाट्याचा भुसा आधी बाजूस काढावा, जे जळावयाचे, तेवढेच खरेदी करावे.

शेतकऱ्यास उपदेश पुष्कळ झाले. काडाला भाव मिळाला, तर त्याला काडी कोण लावील?