सनमायक्याचे टवके

सनमायका चिकटवलेली प्लायवूडची फळी कापली, की कडेला टवके उडतात आणि आतला तपकिरी थर डोकावू लागतो. आपण म्हणतो, करवतीला धार नाही. मी बघितलंय, पुष्कळदा धार चांगली असते; फळी उलटी ठेवलेली असते.

सनमायका म्हणजे मुळात कागदच. राळेत भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेनं आणि दाबानं एकजीव केलेले. जाडी जेमतेम 1 मिलिमीटर. कठीण खरा, पण ठिसूळ. आता, हातात धरून चालवायच्या विजेच्या गोल करवतीचे दात फळीत खालून शिरतात आणि वरून बाहेर पडतात. शिरताना पापुद्र्याच्या पाठीशी लाकूड असतं, बाहेर पडताना काहीच नसतं. म्हणून टवके वरच्या बाजूला. तेव्हा दर्शनी बाजू खाली ठेवायची आणि खुणा पाठीवर करायच्या. आम्हा कवींना हे पटायला जड, आमची सारी धडपड चांगली ओळ वर आणण्याची! पाठीवर खुणा करताना डावं-उजवं उलटतं, एवढं ध्यानात ठेवावं. चौकोनी तुकड्यात ते खपून जातं. सिंकची खाच असेल तर फळी वाया.

दोन्ही बाजूंना सनमायका असेल तर वरच्या बाजूला रेषेवर मास्किंग टेप लावावी, पोलादी पट्टी धरून धारदार कटरनं पापुद्रा चिरून घ्यावा आणि करवत त्या चिरेला खेटून टाकाऊ भागातून न्यावी. 7 इंची पात्याला 24 दात असले तर काम भरभर होतं, पण कड ओबडधोबड. 60 दातांचं कार्बाइडचं पातं सावकाश आणि स्वच्छ कापतं. फळीखाली दात पाव इंचाहून अधिक उतरू नये.

एक गोष्ट मात्र मला खुपते. रेघ नीट दिसावी म्हणून काही कारागीर पात्याचं सरकतं झाकण वर बांधून ठेवतात. फळीला आधार कमी पडला, की काप मिटतो, पातं चिमटतं आणि यंत्र क्षणात माणसाकडे उसळतं. मग उघडं पातं थेट मांडीवर. म्हणून फळीला कापाच्या दोन्ही अंगांना आधार हवा, आणि उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नव्हे, बाजूला.

तुमच्या घरी काम चालू असेल, तर चहा देताना ते झाकण सोडायला सांगा. रेघ दिसत नाही म्हणाला, तर टेपवर काळ्या पेनानं ठळक ओढून द्या.