मिसिंग कधी मारते, ते आधी सांगा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे करत रस्ता जंक्शनला येतो. जंक्शन हे गावाचंच नाव. इथून वालचंदनगरला फाटा फुटतो. आषाढात या रस्त्यावरून तुकोबांची पालखी जाते, साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्या. दोन्ही वेळी इथं अडकलेल्या जुन्या पेट्रोल गाडीची परीक्षाच असते. पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचं, बॉनेट तापलेलं, आणि तेवढ्यात इंजिन एक ठोका गिळतं. मग दुसरा. आपल्याकडे याला 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात.

अशी गाडी पद्मिनी असेल, तर तिनं इथंच रुसावं यात थोडी गंमत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि त्यांच्याच नावानं वालचंदनगर वसलं. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून आधी बाहेर पडल्या त्या फियाट नव्हेत, तर अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ. फियाट नंतर आली. १९६४ मध्ये अकराशे डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावानं धावू लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. हौशी लोकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र ती अजून आहे.

आपल्याकडे डॉज-प्लिमथचा जमाना संपला, पण तिकडे त्याच नावांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दांडगी आठ सिलिंडरची इंजिनं घातलेल्या गाड्या काढल्या. त्यांना मसल कार म्हणतात. त्या इंजिनांच्या वेगापुढे ठिणगी पाडणारे जुने पॉइंट कमी पडू लागले. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. आठ सिलिंडरला दोनशे. स्प्रिंगवर उघडझाप करणारा धातूचा तो इवलासा तुकडा वेग वाढला की नीट मिटेनासा होतो. मिटलाच नाही तर कॉइल भरत नाही आणि ठिणगी दुबळी पडते. १९७३ पासून क्रायस्लरनं अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या गाड्यांना पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं.

आज आपल्याकडचे हौशी मालकही पद्मिनीच्या डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढून तिथं चुंबकावर चालणारं इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. निर्णय वाईट नाही. गाडी सकाळी पटकन लागते, पॉइंट घासायची कटकट मिटते. पण जुनी पद्धत सांगून मरायची आणि नवी न सांगता मरते. पॉइंट झिजत गेले की महिनाभर आधी गाडी जड होते, सकाळी कुरकुरते. मिस्त्री पॉलिश पेपर फिरवतो, गॅप लावतो, चाललं. किटमधल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला असं आजारपण नसतं. निदान वरून दिसत नाही. मग काय होतं, तर गॅरेजात पार्ट बदलत सुटतात. आधी प्लग, मग कॉइल, मग वायरी, शेवटी किटच. चार-पाच हजारांचा चुराडा होतो आणि जंक्शनला गाडी पुन्हा थांबते.

माझं म्हणणं एवढंच, की काय बिघडलं हे विचारण्याआधी कधी बिघडतं ते विचारा. निम्मं निदान त्या उत्तरात असतं.

गाडी थंड असताना झकास आणि अर्ध्या तासानं तापली की मिसिंग, थोडा वेळ उभी केली की पुन्हा झकास. अशा वेळी संशय मॉड्यूलवर किंवा कॉइलवर घ्यायचा. मॉड्यूलमधल्या अर्धवाहकाला उष्णता सोसत नाही. कॉइलच्या आतल्या वेढ्यांचं इन्सुलेशन फाटलं असेल, तर तेही तापल्यावरच दगा देतं. गाडी मिसिंग मारत असतानाच ओलं फडकं पिळून कॉइलवर ठेवा. सुधारली, तर चोर सापडला. नाही सुधारली, तर तसंच मॉड्यूलवर, पाणी कुठं टपकणार नाही हे बघून. उलट परीक्षा घरी करता येते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा एका वेळी एकाच भागावर मारायची. मॉड्यूल ज्या पत्र्यावर बसतं तिथं उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची असते. ती न लावता स्क्रू आवळले, तर मे महिन्यातल्या इंदापूरच्या उन्हाला दोष देऊ नये.

पावसात किंवा भिगवणकडे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या पहाटे मिसिंग येत असेल, तर दोष बहुधा डिस्ट्रिब्यूटरची टोपी, रोटर किंवा प्लगच्या वायरींचा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून विजेची निळी पावलं पळताना दिसतील, तिथं गळती आहे. टोपीच्या आत शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर पुसत बसू नका, टोपी बदला.

वायरींची आणखी एक भानगड आहे. पॉइंटच्या काळात नुसत्या तांब्याच्या वायरी चालायच्या. त्यातून उठणारा विद्युत गोंगाट फार तर रेडिओत खरखर करायचा. आता तोच गोंगाट मॉड्यूलला खोटा इशारा देतो आणि नको तेव्हा ठिणगी पडते. किटबरोबर रोधक वायरी घालायला सांगतात ते दुकानदाराची वस्तू खपावी म्हणून नव्हे.

गाडी एका जागी छान चालते, रस्त्यावर ॲक्सिलेटर हलवला की झटके खाते, याचं कारण शोधायला मला स्वतःला सर्वांत मजा येते. कार्बोरेटरमधल्या पोकळीच्या ओढीनं डिस्ट्रिब्यूटरमधली पाटी थोडी फिरते आणि टायमिंग पुढं जातं. त्या पाटीबरोबर तिथली बारीक वायर हजारो वेळा वाकते. वरचं आवरण शाबूत राहतं, आतली तार तुटते. पाटी एका कोनात असली की टोकं जुळतात, फिरली की सुटतात. बाहेरून बघणाऱ्याला दोष दिसत नाही. इंजिन बंद करून मल्टिमीटर लावायचा आणि पोकळीच्या नळीला तोंडानं ओढ द्यायची. आकडा उडाला, तर वायर तुटलेली आहे. त्याच वेळी पाटीची अर्थिंगची वायरही बघून घ्या. कित्येक 'खराब' किट केवळ गंजलेल्या अर्थिंगमुळे कचऱ्यात गेली असतील.

चावी फिरवून स्टार्टर मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच विझतं, ही तक्रार ज्या गाड्यांत कॉइलआधी बॅलास्ट रोधक असतो त्यांची. स्टार्टर चालू असताना वीज या रोधकाला वळसा घालून जाते, म्हणून तेवढ्यापुरतं पेटतं. रोधक जळालेला असतो. क्रायस्लरवाले जादा बॅलास्ट गाडीत ठेवतात तो याचसाठी. उलट नवं किट या रोधकाच्या मागून जोडलं, तर त्याला बारा व्होल्ट मिळतच नाहीत. इंजिन चालू असताना किटच्या वायरीवर व्होल्ट मोजा, नुसती चावी देऊन नव्हे. कॉइलही तपासा. दीड ओहमची कॉइल रोधकाशिवाय लावली, तर ती मॉड्यूलला भाजून काढते. बहुतेक साध्या किटना तीन ओहमच्या आसपासची कॉइल लागते.

आता एक सवय, जी मोडायलाच हवी. कुठला सिलिंडर मेला हे शोधायला आपले जुने मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगच्या टोप्या एकेक करून उपटतात. ज्या टोपीनं रनिंग बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. युक्ती उत्तम, पण पॉइंटच्या काळातली. कॉइलच्या व्होल्टेजला प्लगची वाट मिळाली नाही की ते दुसरी वाट शोधतं, आणि ती कॉइलच्या पोटातून किंवा मॉड्यूलमधून जाते. इंजिन बंद करा, टोपी काढा, तिला जादा प्लग लावून त्याचं लोखंडी अंग इंजिनला घट्ट टेकवा, मग चालू करा. दोन मिनिटं जास्त लागतात, मॉड्यूल वाचतं.

आणि हे सगळं करूनही मिसिंग राहिलं, तर दोष ठिणगीचा नसेलही. ज्या तालुक्यांत उसापासून इथेनॉल निघतं, तिथल्या पंपावर हे सांगताना मला किंचित संकोच वाटतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो. ठिणगी काठावर पास होत असेल, तर इथं नापास होते. चोक किंचित ओढून बघा. ओढल्यावर रनिंग सुधारलं, तर डिस्ट्रिब्यूटरला हात लावू नका, जेट आणि पेट्रोलची रबरी नळी बघा. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ओलही शोषतं. दोन महिने शेडमध्ये उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचलेलं निघू शकतं.

या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे हात पुष्कळ आहेत, पण डिझेलला ठिणगी लागतच नाही. त्यामुळे जंक्शनला अडकलात, तर बहुधा स्वतःच काही करावं लागेल. किट बसवलं तेव्हा काढलेली जुनी पॉइंटची पाटी आणि कंडेन्सर फेकून दिला नसेल, डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवला असेल, तर एका स्क्रूड्रायव्हरनं पाऊण तासात तो परत बसतो. फीलर गेज नसेल, तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड पॉइंटमध्ये सरकवून गॅप लावायचा. अचूक नसतो तो. टायमिंगही जरा हलतं, गाडी चढाला कण्हते. पण इंदापूरच्या वाटेवरच्या निमगाव केतकीपर्यंत जाते.