गाडीत सिलिंडर बसवताय? आधी तळाला भोक पाडा

बाजाराच्या दिवशी खांडबाऱ्यात एक चक्कर मारा. छोट्या टेम्पोच्या मागच्या भागाला पत्र्याची केबिन चढवलेली, एक बाजू वर उचललेली, आत शेगडी पेटलेली. कुठे भजी, कुठे वडापाव, कुठे चायनीज. हीच गाडी उद्या विसरवाडीला, परवा नवापूरला. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आली की चार-सहा दिवस मुक्काम तिकडेच. धंदा गाडीत, स्वयंपाक गाडीत आणि रात्री झोपही गाडीतच.

दुसरीकडे शहरांत जुन्या व्हॅनची ‘कॅम्पर’ करून फिरायला निघण्याची हौस वाढते आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. तोरणमाळला जायचं, तर गाडीतच ओटा, गाडीतच पलंग. गाडी हौसेची असो की पोटाची, एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे : सिलिंडर ठेवायचा कुठे?

बहुतेक गाड्यांत याचं उत्तर ओट्याखाली किंवा ड्रायव्हरच्या सीटमागे असं असतं. जागा वाचते, पाइप कमी लागतो. पण धोक्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा नाही.

गॅस वर जात नाही, खाली बसतो

परदेशी कॅम्परच्या व्हिडिओंमध्ये ‘प्रोपेन’ हा शब्द ऐकू येतो. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन जवळपास दुप्पट. म्हणजे गळती झाली की गॅस छताकडे न जाता पाण्यासारखा खाली उतरतो आणि तळाशी साचतो. घरात तो निदान दाराच्या फटीतून बाहेर पडू शकतो. गाडीची केबिन मात्र खालून आणि चारही बाजूंनी बंद असलेला पत्र्याचा डबा असते. वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग होत नाही, कारण गॅस तिथपर्यंत पोहोचतच नाही.

किती गॅस साचला की धोका? इंजिनिअरिंग शिकताना हे आकडे पाठ केले होते, पण ते एखाद्या टेम्पोला लावून पाहावेत असं कधी सुचलं नव्हतं. आता लावून पाहू. एलपीजी हवेत साधारण १.८ टक्के मिसळला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. छोट्या टेम्पोचा हौदा साधारण २.२ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो. गळलेला गॅस तळापासून फक्त एक फूट उंचीपर्यंत पसरला असं धरा. ती जागा होते एक घनमीटर. तिचे १.८ टक्के म्हणजे १८ लिटर गॅस, वजनात सुमारे ४० ग्रॅम. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस खातो. कॉक उघडा राहिला आणि ज्योत वाऱ्याने विझली, तर हे ४० ग्रॅम जमायला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात.

तेवढ्या वेळात आपण पाण्याचा कॅन आणायला जाऊन, वाटेत कुणाशी दोन शब्द बोलून परत येतो. मग लाइटचं बटण दाबतो.

मदुराई आणि जळगाव

हे फक्त कागदावरचं गणित नाही. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्टेशनजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्याला आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. डब्यात नियम मोडून सिलिंडर नेलेला होता आणि प्रवाशांपैकी काही जण चहा-नाश्त्याच्या तयारीत होते. डबा उभा होता, धावत नव्हता. तरीही अनेकांना बाहेर पडता आलं नाही. खांडबाऱ्याहून सुरतेकडे किंवा जळगावकडे रेल्वेने सामान नेणाऱ्या विक्रेत्यांनीही लक्षात ठेवावं : ज्वलनशील वस्तू घेऊन रेल्वेत चढणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या खान्देशातलं उदाहरण जळगावचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे एका व्हॅनमध्ये अवैधरीत्या गॅस भरला जात असताना स्फोट झाला. अनेक जण भाजले, त्यांतल्या काहींचा नंतर मृत्यू झाला. तो गॅस इंजिनासाठी होता, चुलीसाठी नव्हता. पण गाडीच्या आसपास साचलेल्या गॅसला हा फरक कळत नाही.

अमेरिकेतही फिलाडेल्फिया शहरात १ जुलै २०१४ रोजी एका फूड ट्रकमधल्या गळक्या प्रोपेन टाकीचा स्फोट झाला. ट्रक चालवणाऱ्या आई आणि मुलीचा त्यात जीव गेला.

मग सिलिंडर कुठे आणि कसा?

सर्वांत चांगलं म्हणजे गाडी उभी केल्यावर सिलिंडर बाहेर, सावलीत ठेवायचा आणि पाइप आत घ्यायचा. खांडबाऱ्यातल्या एका गाडीवाल्या काकांना हे सुचवलं, तर त्यांनी लगेच विचारलं, की बाजाराच्या गर्दीत बाहेरचा सिलिंडर संध्याकाळपर्यंत टिकेल का? शंका रास्त आहे. शिवाय फिरत्या गाडीत तो दर वेळी उतरवणं-चढवणंही जिकिरीचं.

त्यामुळे कॅराव्हॅन बनवणारे जी पद्धत वापरतात, तीच आपल्या वेल्डरकडून करून घेता येते. गाडीच्या एका कोपऱ्यात सिलिंडरपुरतं वेगळं कपाट करायचं. त्याच्या केबिनकडच्या भिंती पूर्ण वेल्ड करून बंद, एकही फट नको. दार फक्त गाडीच्या बाहेरच्या बाजूला उघडणारं, त्याला कुलूप लावता येईल असं. धंदा चालू असताना मात्र कुलूप उघडंच ठेवायचं, वेळ आली तर किल्ली शोधत बसायला नको. आणि कपाटाच्या तळाला आरपार भोक. गळती झालीच, तर जड गॅस केबिनमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून थेट रस्त्यावर पडतो आणि वाऱ्याने विरतो. ज्या गुणामुळे गॅस धोकादायक ठरतो, त्याच गुणाने तो बाहेर जातो.

भोक केवढं? युरोपातल्या कॅराव्हॅनच्या नियमांत कपाटाच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्के, पण कमीत कमी १०० चौरस सेंटिमीटर असं माप दिलेलं आहे. म्हणजे १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटर, साधारण तळहाताएवढं. उंदीर, दगड येऊ नयेत म्हणून जाळी लावणार असाल, तर भोक थोडं मोठं घ्या, कारण जाळीच्या तारा जागा खातात. पावसाळ्यात चिखलाने ही जाळी बुजते. आठवड्यातून एकदा वाकून पाहायला हवं. आणि भोक सायलेन्सरच्या वर येता कामा नये. गरम सायलेन्सरवर गॅस सोडणं म्हणजे काडी लावण्यासारखंच. बॅटरी, इन्व्हर्टर, वायरचा जोड यांतलं काहीही या कपाटात नको.

सिलिंडर कायम उभाच हवा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रवरूप गॅस बाहेर येतो आणि द्रवाच्या एका लिटरचा साधारण अडीचशे लिटर गॅस होतो. खाली लोखंडी कडं आणि वर पट्टा, अशा दोन ठिकाणी तो आवळून बांधा.

पाइपवर घाटाचा परिणाम

घरच्या ओट्यावरचा पाइप वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. गाडीतला पाइप मात्र विसरवाडीहून धुळ्याकडे निघालं, की कोंडाईबारी घाटात प्रत्येक वळणावर आणि खड्ड्यावर हलतो. जोड सैल होतात. पत्र्यातून पाइप नेला असेल तर कडेला घासून कापला जातो. म्हणून केबिनच्या आतून जाणारी लाइन तांब्याची किंवा स्टीलची, ठिकठिकाणी क्लिपने पक्की बसवलेली असावी. पत्र्यातून जाताना भोकात रबरी कडं हवं. लवचिक पाइप फक्त दोन टोकांना, जेवढा लागेल तेवढाच.

हा पाइपही बाजारात मिळणारा हिरवा-निळा पाण्याचा पाइप नको. एलपीजीने साधं रबर हळूहळू खराब होतं. आयएसआय चिन्ह असलेला, आत तारेची जाळी असलेला नारिंगी ‘सुरक्षा’ पाइप घ्या आणि त्यावर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांत बदला. चायनीजच्या गाडीवर जोरात पेटणारी भट्टी असते, तिचा रेग्युलेटर जास्त दाबाचा असतो. तिथे घरगुती पाइप चालत नाही, त्या दाबाचाच पाइप मागून घ्या.

गाडी चालू असताना सिलिंडर बंद. नुसता शेगडीचा कॉक नव्हे, वरचा रेग्युलेटर. मुक्कामाला पोहोचल्यावर पेटवण्याआधी साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणारे लोक अजूनही भेटतात, त्यांना काय म्हणावं कळत नाही.

थंडीतली बंद केबिन

सारंगखेड्याची यात्रा डिसेंबरात असते. तापी काठची थंडी. सगळ्या बाजू खाली ओढून, उबेसाठी शेगडी बारीक ठेवून झोपणारे तिथे कमी नसतात. इथे गळती नसली तरी जीव जाऊ शकतो.

एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. तासाला १५० ग्रॅम जाळणारा बर्नर जवळपास १.८ घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. टेम्पोची केबिनच मुळात सहा घनमीटरच्या आसपास. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास गळतीसाठी असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. त्यामुळे गाडीत झोपायचं असेल तर शेगडी बंदच हवी आणि स्वयंपाक करताना एक झरोका जमिनीलगत, एक छताजवळ उघडा हवा. गळती सांगणारा अलार्म घेतलात तर तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. छताला लावलेला अलार्म जड गॅससाठी फार उशिरा वाजतो.

लाल सिलिंडर आणि विमा

धंद्यासाठी घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर वापरणं बेकायदा आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो आणि छोट्या गाडीला पाच किलोचा सोयीचा पडतो. तो ओळखपत्र दाखवून, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. महाग पडतो ही तक्रार खरीच आहे. पण तेल कंपन्यांच्या विम्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई नोंदणीकृत पत्त्यावरच्या अपघातासाठी असते. खांडबाऱ्यातल्या घराच्या नावावरचा सिलिंडर सारंगखेड्यात गाडीत पेटला, तर जळालेल्या टेम्पोसाठी त्या विम्यातून काही मिळण्याची आशा धरू नका.

गाडीच्या बांधणीत बदल करताना आरटीओची परवानगी हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करू देत नाही. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. हौशी कॅम्परवाल्यांनी गाडी कापण्याआधी बिल्डरला या मानकाबद्दल विचारून घ्यावं.

आणि वास आलाच तर?

रेग्युलेटर हाताशी असेल तर बंद करा. लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंखा, फ्रिज, मोबाइल चार्जर जसे आहेत तसे राहू द्या. सगळ्या बाजू उघडा, माणसांना खाली उतरवा, शेजारच्या गाडीवाल्यालाही भट्टी विझवायला सांगा. लांब गेल्यावर १९०६ हा गॅस गळतीचा क्रमांक लावा, तो चोवीस तास चालतो. अशा वेळी गर्दीतून गाडी सुरू करून मोकळ्या जागेत न्यावी असं हमखास सुचतं. तेवढं करू नका. स्टार्टर खालीच असतो आणि गॅसही खालीच साचलेला असतो.